कौतिकच्या नावाची आंघोळ

मित्रांनो, प्रार्थनाघराच्या मागच्या अंगणात कोंबड्या ज्यातून पाणी पितात, त्या हिरवट पडलेल्या भांड्याकडे तुम्ही कधी नीट पाहिले नसेल. पाहिलेत तरी नाक मुरडून पुढे गेला असाल. ते भांडे म्हणजे मी. मी तांब्याचे घंगाळ आहे. रुंद तोंडाचे, दोन्ही अंगांना कड्या असलेले, आंघोळीचे पाणी काढण्यासाठी घडवलेले. आता एक कडी तुटली आहे आणि पोच्यांचा तर हिशेबच नाही. पण एके काळी मीही नवरीबरोबर मिरवत सासरी गेले होते, बरे का!

माझा जन्म बऱ्हाणपुरातल्या एका तांबटाच्या दुकानात झाला. राणीच्या छापाचा रुपया चालत होता त्या काळची ही गोष्ट. तांबटाने मला इतके ठोकले की त्याचा मला फार राग यायचा. पण घासूनपुसून दाराशी मांडल्यावर येणारा-जाणारा माझ्याकडे वळून पाहू लागला, तेव्हा तो राग आपोआप गेला. मथुरा नावाच्या मुलीच्या वडिलांनी मला लग्नात आंदण म्हणून दिले आणि मी तिच्याबरोबर बैलगाडीत बसून जसोंडीला आले.

मथुराबाईचा मुलगा कौतिक. त्याची पहिली आंघोळ माझ्याच पाण्याने झाली. मथुराबाई पाय लांब करून बसायची, बाळाला पायांवर पालथे घ्यायची आणि माझ्यातले कोमट पाणी ओंजळीने त्याच्या पाठीवर सोडायची. तो असा काही टाहो फोडायचा की शेजारणी हसत विचारायच्या, "मथुरे, पोराला धुते का पिळते?" पुढे तो बसायला लागला, तेव्हा माझ्यातच बसून माझ्या अंगावर थापा मारत गाणी म्हणायचा. मी तेव्हा चिंचेने आणि राखेने रोज घासले जात असे. माझ्यात तोंड पाहता येई.

कौतिकचे वडील लवकर गेले. घरात मायलेक दोघेच उरले. कापसाची जमीन कौतिकचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ लीलाधर, सांभाळत. माणूस कडक, पण भावजयीच्या घरात धान्य कमी पडू दिले नाही त्याने.

कौतिक हाताशी आला आणि बऱ्हाणपुरात कापसाच्या कारखान्यात कामाला लागला. तिथे तापाने आडवा झाला. ओळखीचे ना पाळखीचे, अशा मिशनच्या माणसांनी त्याला उचलून दवाखान्यात नेले, त्याची घाण काढली, त्याला हाताने भरवले. बरा झाल्यावर तो त्यांच्या प्रार्थनेला बसू लागला. मग एक दिवस गावी आला आणि उंबऱ्यावर बसून आईला म्हणाला, "माय, मी येशूचा झालो. बाप्तिस्मा घेतला. पान्यातून माझा नवा जन्म झाला."

मथुराबाईला आधी काही कळलेच नाही. ती म्हणाली, "जन्म तर मी दिला ना रे तुले?"

गावाला मात्र लगेच कळले. पंच बसले. कौतिक घरात राहिला तर मथुराबाईला विहीर बंद, विस्तव बंद, मेल्यावर खांदा बंद. लीलाधर मान खाली घालून म्हणाला, "मथुरे, त्याच्या नावानं आंघोळ कर अन मोकळी हो. माझा इलाज नाही."

मित्रांनो, नावाने आंघोळ म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक असेल किंवा नसेल. माणूस मेला की घरचे लोक आंघोळ करतात. जिवंत माणसाच्या नावाने ती आंघोळ केली की तो आपल्यासाठी मेला. त्या दिवशी अंगणात मातीचे मडके फोडले आणि माझ्यात विहिरीचे गार पाणी भरले. ज्या हातांनी कौतिकच्या पाठीवर कोमट पाणी सोडले होते, त्याच हातांनी मथुराबाईने ते पाणी डोक्यावर ओतून घेतले. कौतिक कुंपणापलीकडे उभा राहून हे पाहत होता.  मला हातपाय असते तर मी तिथेच उलटले असते.

तो निघून गेला. मिशनमध्ये त्याला काम मिळाले, आणि ते काम त्याला शोभेल असेच होते. पाद्रीबाबा गावोगाव प्रवचनाला जात. त्यांच्या आदल्या दिवशी कौतिक खांद्यावर कोयता आणि कुदळ घेऊन निघे. गाडीवाटेवर आलेल्या बाभळीच्या फांद्या तोडायच्या, नाल्याचा उतार खणून गाडीजोगा करायचा, गावातल्या झाडाखालची जागा झाडून पाणी शिंपायचे आणि उद्या कोण येणार ते लोकांना सांगायचे. पाद्रीबाबा पोचेपर्यंत हा पुढच्या गावच्या वाटेला लागलेला असे. त्यामुळे ज्या प्रवचनासाठी तो एवढी वाट करी, ते ऐकायला त्याला क्वचितच मिळे. याची त्याला खंत नव्हती. प्रभू येण्याआधी कोणीतरी वाट करायलाच हवी, असे तो म्हणे. खंत होती ती दुसरीच. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाद्रीबाबांनी त्याला सांगितले होते, आता पुढे चालायचे, मागे वळून पाहायचे नाही. कौतिकने ते शब्द गाठीशी बांधले आणि जसोंडीचा फाटा आला की तो मान दुसरीकडे करून चालू लागला.

इकडे मथुराबाईने गावच्या जोशीबुवांना एकदा हळूच विचारले, नावाने आंघोळ केलेला माणूस परत येऊ शकतो का? जोशीबुवा म्हणाले, येऊ शकतो, पण त्याला पुन्हा जन्मावे लागते. तान्ह्या बाळासारखी त्याला आंघोळ घालायची, दुपट्यात गुंडाळायचे आणि नाव ठेवायचे. झाले! त्या दिवसापासून मला पुन्हा चिंच लागली, राख लागली. दर दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला ती पाणी तापवून मला काठोकाठ भरी, जवळ उटणे ठेवी, घडी केलेले दुपटे ठेवी आणि दारात बसून राही. ऊन चढले की माझे पाणी गार होई. मग ती स्वतः आंघोळ न करताच उठे. बायका थट्टा करत, "मथुराबाईच्या घरी अजून कोन यायचं बाकी हाय?" ती हसून वेळ मारून नेई.

आणि एका दिवाळीला तो खरेच आला. पाद्रीबाबांच्या फेरीसाठी गावाबाहेरची गाडीवाट मोकळी करता करता तो आमच्या कुंपणापाशी पोचला होता. मथुराबाईने त्याला पाहिले आणि ती अनवाणीच धावली.

"ये रे बापू, पानी तापलंय. एकदाच बस त्याच्यात. मी नाव ठेवीन तुझं. मंग कोनी काई म्हननार नाही."

कौतिकने कोयता खाली ठेवला. "माय, मी एकदा पान्यातून गेलोय. आता उलटा कसा येऊ? माझ्या प्रभूले काय सांगू?"

"अन माझ्या पान्याचं काय?"

तो तिच्या पायांशी वाकला. म्हणाला, "पाया तरी पडू दे."

मथुराबाई दोन पावले मागे सरली. तिच्याही तोंडून ते शब्द मोठ्या कष्टाने निघाले असतील. ती म्हणाली, "मेलेल्या मानसानं पाया पडू नये, बापू."

त्याने कोयता उचलला आणि तो पुढच्या गावाला निघून गेला. मला दोघांचाही राग आला आणि दोघांचीही दया आली. दोघांनी आपापल्या हातात पाणीच धरले होते, आणि दोघांनाही दुसऱ्याचे पाणी चालत नव्हते. त्या दिवशी माझ्यातले पाणी मथुराबाईने अंगणातल्या जास्वंदीला घातले.

पुढे गाठीच्या तापाची साथ आली. उंदीर पडू लागले तसे लोकांनी घरे सोडली आणि शेतांत झोपड्या बांधल्या. गावात कोणी येऊ नये म्हणून वाटांवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या. मथुराबाई तापाने फणफणली, तेव्हा लीलाधरने तिच्या उंबऱ्यावर पाणी आणि भाकरी ठेवली आणि तो रडत रडत शेताकडे गेला. त्याच्या घरी लहान नातवंडे होती. मी त्याला दोष देत नाही.

दगा नावाच्या गुराख्याने बऱ्हाणपूरच्या बाजारात कौतिकला ही खबर दिली. तेव्हाही कौतिक गावाकडे निघेना! तो पाद्रीबाबांकडे गेला आणि विचारले, मागे जायची परवानगी आहे का? पाद्रीबाबा त्याच्याकडे पाहतच राहिले. म्हणाले, "अरे, ज्याच्या मागे तू चालतोस, त्याने क्रुसावर प्राण जाताना आपल्या आईची सोय लावली. मागे पाहू नको म्हणालो ते वाईट चालीकडे. आईकडे पाहू नको असे मी तुला कधी म्हटले?" हे पुढे कौतिकनेच माझ्याशेजारी बसून प्रार्थनेत पुन्हा पुन्हा सांगितले, म्हणून मला ठाऊक. इतकी वर्षे तो जी आज्ञा पाळत होता, ती कोणी दिलेलीच नव्हती. एकदा विचारले असते तर? पण विचारले नाही.

तो दुपारी पोचला. वाटेवरच्या काट्यांनी हातपाय रक्ताळले होते. मथुराबाई कोपऱ्यात पडली होती. तिने डोळे उघडले आणि पहिली गोष्ट विचारली, "पानी तापवू का?"

"मी तापवतो, माय."

त्याने चूल पेटवली, पाणी तापवले आणि मला भरले. तिचे डोळे चमकले. "आता तरी बसतो?"

"आधी तू, माय."

त्याने तिला उचलून माझ्याजवळ आणले. आपले पाय लांब करून तिला टेकवून घेतले आणि ओंजळीने कोमट पाणी तिच्या पाठीवर सोडू लागला. तिने त्याला जसे न्हाऊ घातले होते, अगदी तसेच. तिने डोळे मिटले. मग म्हणाली, "तुझ्या नावाची आंघोळ केली व्हती ना रे मी. ते गार पानी अजून आंगावरून उतरलं नव्हतं. आज उतरलं बघ."

कौतिकला हुंदका आवरेना. "माय, मी येत जायला पायजे व्हतं. मले कोनी आडवलं नव्हतं."

"तुझ्या देवाकडं पोराले मायची याद राहते ना?"

"राहते, माय. त्याले राहिली व्हती. मलेच नाही राहिली."

तिने माझ्यातले थोडे पाणी घेतले आणि त्याच्या काटे भरलेल्या तळव्यांवर चोळले. "कौतिक," ती म्हणाली. एवढेच म्हणाली. नाव ठेवले तिने. त्याला माझ्यात बसावे लागले नाही. दिवस मावळायच्या आत ती गेली.

लीलाधर आला. दगा आणि आणखी दोघे आले. साथीच्या दिवसांत तेवढेच यायचे. कौतिक तिरडीला खांदा द्यायला पुढे झाला, तसा लीलाधर आडवा आला.  "नको रे पोऱ्या. तुझ्या नावाचं मडकं फुटलंय. खांदा बी नाही, आग बी नाही. उद्या पंच माझ्या नातवंडांचं पानी बंद करतील."

विस्तवाचे मडके लीलाधरने हातात घेतले. ते धरून तिरडीपुढे चालण्याचा मान मुलाचा असतो. कौतिकने ते मडके पाहिले, आईला पाहिले. मग भिंतीला टेकवलेला कोयता उचलला आणि तो सगळ्यांच्या पुढे निघाला. गल्लीत आडव्या पडलेल्या बाभळीच्या फांद्या तो एकेक तोडून बाजूला ओढू लागला. त्याला कोणी अडवले नाही. काटे काढायला कोणती जात आड येणार? गल्लीच्या वळणापर्यंत मी त्याला पाहिले. त्याच्यामागे मडके आणि मडक्यामागे मथुराबाई.

परतल्यावर लीलाधर माझ्याच शेजारी ओट्यावर मटकन बसला आणि दगाला म्हणाला, "मसनवटीपर्यंत सारी वाट त्यानंच केली रे. मडकं माझ्या हाती व्हतं, पन पोरगा तोच व्हता."

साथीच्या घरातले, शिवाय कौतिकच्या हातचे पाणी लागलेले भांडे कोणी घेईना. म्हणून त्यानेच मला डोक्यावर घेतले आणि बऱ्हाणपूरला आणले. पुढे या प्रार्थनाघरात कितीतरी बाळांच्या कपाळाला माझे पाणी लागले. लोक माझ्याकडे आदराने पाहत. मान मिळाला, चिंच-राखही मिळाली. कौतिक शेवटपर्यंत वाटा करत फिरला. पण आता जसोंडीचा फाटा आला की मान फिरवत नसे. तिथे थोडा वेळ उभा राहून मग पुढे जाई. दर दिवाळीला तो मला कोमट पाण्याने भरी आणि पाणी गार होईपर्यंत त्यात हात बुडवून बसून राही. एका दिवाळीला तो आला नाही. मग प्रार्थनाघरात दगडी पाणपात्र आले आणि माझी रवानगी कोंबड्यांकडे झाली.

मित्रांनो, मला घासा किंवा राहू द्या, माझी त्याबद्दल तक्रार नाही. फक्त एवढे ऐका. जिवंत माणसाच्या नावाने कधी आंघोळ करू नका. आणि तुम्हाला तुमचा देव पुढे बोलावत असेल तर अवश्य जा, पण जाताना घरी पाणी तापवून कोणी बसले आहे का, तेवढे एकदा दारातून पाहून जा. कौतिकने साऱ्या मुलखाच्या वाटा मोकळ्या केल्या. आईच्या घराची वाट त्याने ज्या दिवशी मोकळी केली, त्या दिवशी त्याच वाटेवरून आईची तिरडी गेली.