काळा सुतार, एक

सातव्या दगडावर बसून कानवाल्या काकांनी घड्याळ मांडीवर ठेवलं आणि डोळे मिटले. अठ्ठावीस वर्षं ते या जंगलाचे राखणदार होते. दर सोमवारी पहाटे बारा दगडांवर दहा-दहा मिनिटं बसायचं आणि जो पक्षी ऐकू येईल तो वहीत लिहायचा, ही त्यांची गणती. नुसता दिसलेला पक्षी धरायचा नाही. ऑफिसातले म्हणायचे, "काकांना बसून पगार!" काका म्हणायचे, "बसून दाखवा की दहा मिनिटं गप्प."

चौथ्या मिनिटाला आवाज आला. टर्रर्र... वाळक्या खोडावर चोचीचा. काका ताडकन उभेच राहिले. काळा सुतारपक्षी! सहा वर्षं वहीत त्याच्यापुढे शून्य होतं. पायवाट करताना साहेबांनी "दिसायला वाईट दिसतात" म्हणून वठलेली झाडं झाडून सगळी पाडली होती. वठलेल्या खोडात घर करणारा पक्षी तो, राहणार कुठे? साहेबांच्या टेबलावर?

काकांनी लिहिलं, 'काळा सुतार, एक'. मग आयुष्यात पहिल्यांदा गणती अर्धवट टाकून बायकोला फोन लावला.

"अगं, आला तो! काळा सुतार!"

"खरंच? अन् रडताय काय असे?"

"रडतोय कुठे! सर्दी झालीय."

फोन ठेवला, तोच पुन्हा टर्रर्र वाजलं. आणि त्याच्या पाठोपाठ कुणीतरी खोकलं. बारीक, दाबलेला खोकला. काकांनी कान टवकारले. तो खोकला त्यांचाच होता.

सात वर्षांपूर्वी एक संशोधक बाई पक्ष्यांचे आवाज यंत्रावर टिपायला आल्या होत्या. दोन दिवस मुंगीसारख्या चिकाटीने बसल्यावर सुतार बोलला, आणि नेमका तेव्हाच काकांचा घसा खवखवला. "काका, एवढा एकच मिळाला होता हो!" बाई कळवळल्या होत्या. ते बोलणं काका अजून विसरले नव्हते.

आवाजाच्या रोखाने ते चालत गेले. जुनं खोड जिथे होतं तिथे आता सिमेंटचं खोड उभं होतं. त्याला सालीचा रंग दिलेला, भोकंसुद्धा पाडलेली. वरच्या भोकात स्पीकर होता, आणि त्यातून बाईंनी टिपलेला तोच आवाज वाजत होता.

वही काखेत मारून काका तडक साहेबांच्या खोलीत शिरले.

"तुम्ही लेकीच्या बाळंतपणाला गेला होतात ना, तेव्हा हे स्पीकर आणि बाक बसवले," साहेब म्हणाले. "रविवारी उद्घाटन आहे. लोक लांबून येतात आणि काहीच ऐकू येत नाही म्हणून तक्रार करतात हो."

"ऐकू कसं येईल? झाडं आपणच पाडली."

"जुनं उकरू नका. आणि ती आजची नोंद असू द्या, वर पाठवायला बरी दिसते. ऐकलंत, लिहिलंत. नियम तुमचाच."

"साहेब, मी माझा खोकला ऐकलाय! तो पक्ष्याच्या नावावर लिहू?"

"चार महिन्यांनी निवृत्त होताय. कशाला डोक्याला ताप?"

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच! ज्यांनी घर मोडलं तेच आता पाखरू परत आल्याची दवंडी पिटणार, आणि साक्षीला काकांची वही! त्यांनी साहेबांच्याच टेबलावरचं पेन उचललं, 'एक' खोडला, शून्य काढलं आणि खाली पूर्ण सही केली.

साहेबांनी वही ओढून कपाटात टाकली. "गणती आजपासून बंद. रविवारी पाहुण्यांना गप्प बसवायचं काम तुमच्याकडे."

रविवारी बाकांवर तीसेक माणसं डोळे मिटून बसली. काका कडेला उभे होते. टर्रर्र वाजलं. "अहाहा!" कुणीतरी पुटपुटलं. पाठोपाठ खोकला आला.

पुढच्या बाकावरच्या एका पाहुण्या बाईंनी डोळे उघडून थेट काकांकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "काका, खोकू नका ना! उडून जाईल तो."

"गेला, बाई," काका म्हणाले. "सहा वर्षं झाली."

पण बाईंनी डोळे पुन्हा मिटले होते. काकांनी टोपी काढून हातात घेतली आणि दहा मिनिटं पुरी होईपर्यंत ते तसेच उभे राहिले.