गुडघ्यांखालची फळी

मी फळी बोलतेय. भिंतीवर मिरवणारी नव्हे. गुडघे टेकायची, जमिनीलगतची. एका सुतारमिस्त्रीने दाराच्या चौकटीतून उरलेल्या तुकड्याला रंधा मारून मला घडवलं आणि आपल्याच घरात, कोपऱ्यातल्या क्रुसाखाली ठेवलं.

रोज सकाळी तासभर तो माझ्यावर गुडघे टेकायचा. आतून कडी. त्या तासात कोणी हाक मारायची नाही, हा घरचा नियम. "प्रभू येशू, माझ्यातला 'मी' मरू दे," हेच मागणं, वीस वर्षं. माझ्यात दोन खळगे पडले. त्याच्यात काय फरक पडला, ते त्याच्या बायकोला विचारायला हवं होतं. तिने चुकून हाक मारली की तो दोन-दोन दिवस अबोला धरायचा. तरी चर्चमध्ये त्याचं केवढं नाव! तरुण मंडळी त्याच्याकडे प्रार्थना शिकायला यायची.

मग बायको अंथरुणाला खिळली. एका सकाळी पलीकडच्या खोलीतून हाक आली, "अहो..."

त्याने डोळे उघडले नाहीत.

"अहो, जरा येता का? जीव घाबरा झालाय."

त्याचा उजवा गुडघा माझ्यावरून उचलला गेला. शपथेवर सांगते, तो उठायला निघाला होता. मग "मोह आहे हा," असं पुटपुटला आणि पुन्हा टेकला. तास पुरा करूनच त्याने कडी काढली. तोवर ती गेली होती.

दफनाहून परतल्यावर मंडळी याच खोलीत बसली. पाळकांनी विचारलं, "तुम्हाला काहीच ऐकू आलं नाही?"

"नाही. मी प्रभूपाशी होतो."

"केवढी ही तल्लीनता!" लोक गहिवरले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्यानंतर त्याला प्रार्थनाच सुचेना. "प्रभू..." म्हणायचा आणि अडायचा. शिकायला येणाऱ्यांना त्याने दारातूनच परत पाठवलं. दोन महिन्यांनी लेक आईचे कपडे न्यायला आली. तो माझ्यावरच होता. मागे न वळता म्हणाला, "बाळ, आईची हाक मी ऐकली होती. दोन्ही वेळा."

"पण तुम्ही तर सगळ्यांसमोर..."

"खोटं बोललो."

तिने आईची शेवटची साडी पिशवीत भरली. "बाबा, मी तुमच्यासारखं व्हायला बघत होते हो," म्हणाली आणि कपड्यांची पिशवी उचलून निघून गेली.

पुढच्या रविवारी त्याने चर्चमध्येही सगळं सांगून टाकलं. आता त्याच्याकडे कोणी शिकायला येत नाही.

मीही आता कडेने चिरत चाललेय. तो अजून रोज टेकतो, पण दार सताड उघडं असतं. वाचकहो, कोणी हाक मारली तर खुशाल उठून जा; प्रार्थना मोडली म्हणून मला वाईट वाटणार नाही. तो आता फोन माझ्याशेजारी ठेवतो आणि वाजला की अर्ध्या शब्दावरून उठतो. कधी गिऱ्हाईक असतं, कधी चुकीचा नंबर. लेकीचा फोन अजून आलेला नाही.