एकोणतिसाव्या ओव्हरमधला वाइड

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी मी मैदानावर, फोर्ट विल्यमच्या बाजूच्या एका ग्राउंडवर अंपायर म्हणून उभा होतो. माझी बायको शैला त्या दिवशी बराकपूरच्या मॅचला स्कोअरर होती. लंचला तंबूत आलो आणि बॅगेतला फोन काढला. परिमलचे अकरा मिस्ड कॉल होते. परिमल कुंडू हा आमचा जुना अंपायर, बराकपूरची मॅच त्याच्याकडे होती. मी फोन लावला.

"दादा, इकडे या. शैलादींना बरं नाही."

"काय झालं?"

"तुम्ही या."

अंपायरच्या कपड्यांतच सियालदहला गेलो आणि गाडी पकडली. कोटाच्या खिशात सहा चिंचोके होते. बॉल मोजायला मी चिंचोके वापरतो, एका खिशातून दुसऱ्या खिशात. शैलानेच दिले होते, स्वयंपाकघरातले. बराकपूर येईपर्यंत ते हातात धरून बसलो होतो.

नर्सिंग होमच्या दारात कादंबरी उभी होती. ती समोरच्या टीमची स्कोअरर, कॉलेजात शिकते, स्कोअरिंग शैलाकडेच शिकली. तिने शैलाची वही आणि ताडपत्राचा पंखा छातीशी धरला होता. मला बघून तिने दोन्ही वस्तू पुढे केल्या. तेव्हा मला कळलं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं ते हृदयाचं होतं, आणि इथे आणलं तेव्हाच संपलं होतं.

आम्ही शहाण्णव साली इथे आलो, बँकेच्या बदलीवर. मला बंगाली येत नव्हतं, पण क्रिकेटला भाषा लागत नाही, म्हणून मी दर रविवारी मैदानावर जायचो आणि पुढे अंपायरची परीक्षा दिली. शैला डमडमच्या दोन खोल्यांत बसून असायची. एका रविवारी म्हणाली, "मी पण येते. भिंतींशी बोलून बोलून त्यांना मराठी यायला लागलंय." त्या दिवशी स्कोअरर आला नव्हता. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि खुणा सांगितल्या. संध्याकाळी बॅटिंगची बेरीज आणि बोलिंगची बेरीज पहिल्याच फटक्यात जुळली. माझ्या बँकेत असं होत नव्हतं.

अंपायरने चौकार, वाइड, बाय काहीही खूण केली की स्कोअररने हात वर करून पोच द्यायची, आणि पोच मिळेपर्यंत अंपायरने पुढचा बॉल टाकू द्यायचा नाही. नियमच आहे तसा. शैला हाताऐवजी पंखा वर करायची. इथल्या उकाड्यात तो तिच्या हातात असायचाच. मी चौकाराचा हात हलवायचा, तंबूकडे बघायचं, पंखा वर जायचा. मग खेळ पुढे. कधी पंखा दोनदा वर जायचा. त्याचा अर्थ होता, टोपी घाला. मला ऊन सोसत नाही आणि मी टोपी विसरतो. समोरच्या टीमच्या स्कोअररला वाटायचं बाईंना फार गरम होतंय.

बारा-तेरा वर्षं असं चाललं. मग मी असोसिएशनचा सेक्रेटरी झालो. आमची असोसिएशन लहान आहे. डमडमला एका क्लबच्या वरची एक खोली, एक कपाट आणि साठ-सत्तर अंपायर आणि स्कोअरर. दर गुरुवारी मी रविवारच्या मॅचना माणसं लावतो. पहिल्याच महिन्यात कुणीतरी बोललं की अंपायर घरचा, स्कोअरर घरची, आमचं काय होणार. मी नियम केला, नवरा-बायको एका मॅचला लावायचे नाहीत. असं जोडपं असोसिएशनमध्ये एकच होतं.

"म्हणजे माझ्यासाठी कायदा केलात," शैला म्हणाली होती.

"लोक बोलतात."

"बोलू देत की. बरं, तुम्ही शेवटचे उभे राहाल ना, त्या मॅचला तरी मला लावा. नाहीतर टोपीचं कोण सांगणार?"

मी हो म्हटलं. नऊ वर्षं मी तिचा पंखा तंबूत पाहिला नाही. या मार्चअखेर मी उभं राहणं सोडणार होतो आणि त्या मॅचला तिला लावायचं मनात ठरवलं होतं. तिला सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीतल्या त्या रविवारचा तक्ताही मीच केला होता. तिला बराकपूर, मला मैदान.

चैत्राली पुण्याहून आली. आमची मुलगी. पंधरा दिवस राहिली. जाताना म्हणाली, "बाबा, चला माझ्याबरोबर. इथे काय राहिलंय आता?"

"सीझन आहे."

"आई पण हेच सांगायची तुमच्याबद्दल."

ती गेली आणि मी असोसिएशनच्या खोलीवर जायला लागलो. टेबलावर बराकपूरच्या मॅचचे कागद होते. पहिल्याच इनिंगमध्ये, एकतिसाव्या ओव्हरचे दोन बॉल झाल्यावर मॅच थांबली होती, आणि लीगने ती पुन्हा खेळवायचं ठरवलं होतं. म्हणजे त्या स्कोअरला आता तसा अर्थ नव्हता. पण दोन्ही स्कोअररच्या वह्या जुळल्याशिवाय सेक्रेटरीने सही करायची नाही, असं आमच्याकडे आहे. वह्या जुळत नव्हत्या. कादंबरीच्या वहीत एकशे अठ्ठावीस, शैलाच्या वहीत एकशे सत्तावीस.

मी कादंबरीला बोलावलं. चुकली असणार तर तीच, यात मला शंका नव्हती.

"बस. पहिल्या बॉलपासून वाच."

ती वाचत गेली, मी शैलाच्या वहीत बोट ठेवून बघत गेलो. एकोणतिसाव्या ओव्हरपर्यंत सगळं एक होतं. तिथे शैलाच्या वहीत सहा बॉल होते, कादंबरीच्या वहीत सात. चौथ्यानंतर तिने वाइड लिहिला होता.

"हा कुठून आणलास?"

"काकू, परिमलकाकूंनी दिला होता."

बंगालीत काकाला काकू म्हणतात. शैलाला याचं फार हसू यायचं. म्हणायची, आयुष्यभर मी काकू होते, आता तुम्ही झालात, तर पोळ्याही करा.

"शैलाने नाही लिहिला," मी म्हटलं. "बावीस वर्षांत तिचा एक रन इकडचा तिकडे झाला नाही. तुला बसून सहा महिने झाले."

"हो, काकू."

"ओव्हर संपल्यावर टोटल विचारायची असते. विचारली होतीस?"

"विचारली. मी म्हटलं, शैलादी, एकशे चोवीस? त्यांनी मान हलवली. मला वाटलं हो म्हणताहेत." ती टेबलाकडे बघत होती. "त्याच्या पुढच्या ओव्हरचे ठिपके बघा ना."

मी बघितले. शैलाचा ठिपका चौकटीच्या बरोबर मध्ये असतो. तिसाव्या ओव्हरचे ठिपके चौकटीच्या खालच्या रेघेवर उतरले होते. एकतिसाव्या ओव्हरचे दोन तर रेघेच्या बाहेर होते. ही वही महिनाभर माझ्या घरात होती, पण त्या दिवसापर्यंत मी ती उघडली नव्हती.

कादंबरीला घरी जायला सांगितलं आणि परिमलला फोन केला. तो त्या दिवसापासून कुठल्याच मॅचला उभा राहिला नव्हता. गुडघा दुखतो म्हणून कळवायचा. तो आला तो जिना नीट चढून आला.

"गुडघा बरा दिसतो."

"गुडघ्याला काही नाही झालेलं, दादा."

मी त्याच्यासमोर वही सरकवली. त्याने चष्मा लावला, वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"वाइड मी दिला होता."

"तिने पोच दिली होती?"

"नाही."

"मग?"

"मी बघितलं तंबूकडे. पंखा वर आला नाही. वाटलं, थांबावं." त्याने चष्म्याच्या काड्या मिटल्या. "मग तुमचं पत्रक आठवलं. पुढचा बॉल टाकायला सांगितला."

"बाई आजारी आहे, हे दिसलं नाही तुला?"

"ऐंशी पावलांवरून काय दिसतं, दादा? पंखाच दिसतो."

त्याने खिशातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. राजीनामा होता. त्याला अंपायरिंग करून सव्वीस वर्षं झाली होती. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर तो रविवारसाठीच जगत होता, हे सगळ्यांना माहीत आहे. मी कागद वाचला आणि घडी करून ठेवला. म्हटलं, बघतो. त्याला वाटलं मी स्वीकारला. मीही ते तसंच राहू दिलं. त्या दिवशी मला कुणावर तरी राग धरायचा होता, आणि तो समोर होता.

पत्रक जानेवारीतलं होतं. हिवाळ्यात इथे लवकर अंधारतं आणि क्लबवाले तक्रार करत होते की मॅच पुऱ्या होत नाहीत. मी लिहिलं होतं, पोच आली नाही तरी खेळ थांबवू नये, शंका असल्यास ओव्हर संपल्यावर विचारावे. त्या रात्री जेवताना शैलाने फोन माझ्यापुढे धरला होता.

"हे तुम्ही पाठवलंत?"

"क्लबवाले मागे लागलेत."

"म्हणून पोच नको?"

"नको कुठे म्हटलंय. थांबू नका म्हटलंय."

"तेच झालं ना. मी पंखा वर केला नाही म्हणजे मला दिसलेलं नाही, नाहीतर मी लिहितेय. दोन्ही वेळा थांबायला हवं."

"सीझन संपला की बदलतो."

"गॅलरीचं दार पण सीझन संपला की करणार होतात. कुठल्या साली, ते आता मला आठवत नाही." आणि तिने मला आमटी वाढली.

मी नर्सिंग होमच्या डॉक्टरांना फोन केला. त्या वाइडपासून ती खुर्चीवरून पडेपर्यंत आठ-नऊ मिनिटं गेली असतील. तेवढं आधी कळलं असतं तर, एवढंच विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. कदाचित काही फरक पडला नसता, कदाचित पडला असता. मी आभार मानले.

चार दिवस मी परिमलचा कागद शर्टाच्या खिशात घेऊन फिरलो. घरी फ्रिजवर पंखा होता. चहा करताना तो दिसायचा. ती असती तर काय म्हणाली असती हे शोधायची गरज नव्हती, ते तिने जानेवारीतच सांगितलं होतं. पाचव्या दिवशी सकाळी परिमलच्या घरी गेलो. तो बाजारातून नुकताच आला होता, हातात मासळीची पिशवी होती.

"परिमल, तू मी सांगितलं तेच केलंस," मी म्हटलं.

"तरी मी थांबायला हवं होतं."

"हो. आणि तू थांबू नयेस असं मी लिहून दिलं होतं." मी कागद त्याच्या हातात दिला. "हा फाड. बराकपूरची मॅच पुन्हा आहे. तू आणि मी उभे राहायचं."

तो पिशवी धरून तसाच उभा राहिला. मग आतून त्याची बायको म्हणाली, "मासे उन्हात वाळवायचेत का?" तेव्हा तो आत गेला.

संध्याकाळी मी असोसिएशनच्या ग्रुपवर लिहिलं. जानेवारीचे पत्रक मागे घेतले आहे. शैला पाटणकर यांचा त्याला पहिल्या दिवसापासून विरोध होता. त्यांचे बरोबर होते, माझे चूक होते. परिमल कुंडू यांनी माझी सूचना पाळली, त्यांचा दोष नाही. पोच मिळेपर्यंत कुणीही खेळ सुरू करू नये. दिगंबर पाटणकर, सेक्रेटरी. सगळ्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. मग कादंबरीने हात वर केल्याचं एक चित्र पाठवलं. त्याखाली बाकीच्यांनीही.

मार्चअखेर बराकपूरची मॅच झाली. कादंबरी स्कोअरर होती. तिने आधी विचारलं होतं, "काकू, शैलादींचा पंखा आणू का?" मी नको म्हटलं. तिने तिचा हात वापरावा.

तिसऱ्या ओव्हरमध्ये पहिला चौकार गेला. मी हात हलवला आणि तंबूकडे बघितलं. कादंबरीचा हात लगेच वर आला. मी पुढचा बॉल टाकायला सांगितला नाही. मी बघत राहिलो. टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. शेवटी स्क्वेअर लेगवरून परिमल जवळ आला आणि हळूच म्हणाला, "दादा, पोच आली." मग मी खेळ सुरू केला. दिवसभर प्रत्येक खुणेला मी तसाच जास्त थांबलो. नऊ वर्षांत कधी ना कधी मी आम्हा दोघांना एका मॅचला लावू शकलो असतो. कुणी बोललं असतं तर बोललं असतं. लंचला लक्षात आलं की मी टोपी घातलेलीच नव्हती.

ती माझी शेवटची मॅच व्हायची होती. मी अजून उभं राहणं सोडलेलं नाही. चैत्राली दर रविवारी संध्याकाळी फोन करते आणि विचारते कधी येताय. मी पुढच्या रविवारचं सांगतो.

लीगला मी कळवलं आहे की बराकपूरचा एकशे अठ्ठावीस हा आकडा बरोबर आहे. पण आमच्या नियमाने वहीतली दुरुस्ती ज्याची वही त्यानेच लाल पेनाने करायची आणि शेजारी सही करायची असते. ते आता शक्य नाही, म्हणून सेक्रेटरीने करायची. वही टेबलाच्या खणात आहे, लाल पेनही तिथेच आहे. एकोणतिसाव्या ओव्हरमध्ये, चौथ्या आणि पाचव्या बॉलच्या मध्ये वाइडची खूण म्हणून एक बेरजेचं चिन्ह काढायचं आहे. ते मी अजून काढलेलं नाही.