डाव्या बाजूची पांढरी रेघ

रवींद्रने ती गाडी आम्हाला घेऊन दिली तेव्हा ह्यांना एकोणऐंशी पूर्ण झाली होती. मुलगा पुण्यात, आम्ही दोघं भोपाळला, अयोध्या नगरात. या वयात नवी गाडी कशाला, असं मी फोनवर म्हटलं, तर तो म्हणाला, "आई, बाबा गाडी चालवायचं सोडणार आहेत का? मग निदान ओरडणारी गाडी असू दे. तुझं ऐकत नाहीत, तिचं तरी ऐकतील."

ती गाडी खरंच ओरडायची. समोरच्या काचेला, आरशाच्या मागे एक लहानसा कॅमेरा होता आणि त्याचं लक्ष रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघांवर असे. वेग साठाच्या वर असताना, इंडिकेटर न देता गाडी रेघेकडे सरकली की टीं-टीं-टीं असा आवाज येई, स्टिअरिंग हातात थरथरे आणि समोरच्या छोट्या पडद्यावर त्या बाजूची रेघ तांबडी होई. चालवणाऱ्याला डुलकी लागली, लक्ष उडालं, तर तो भानावर यावा म्हणून ही सोय. ह्यांना ती फार आवडली. पस्तीस वर्षं कारखान्यात टर्बाइनच्या चाचणी विभागात काढलेला माणूस. सूचना देणाऱ्या यंत्रावर ह्यांचा जीव.

पहिले तीन महिने ती दोन्ही बाजूंनी वाजे, कारण लेन बदलताना हे इंडिकेटर द्यायला विसरत. मग सवय लागली आणि वाजणं जवळजवळ थांबलं. "बघ, पन्नास वर्षांची वाईट खोड पोरीने तीन महिन्यांत मोडली," हे म्हणाले. गाडीला ते पोरगी म्हणत.

संक्रांतीनंतर ती पुन्हा वाजायला लागली. फक्त डावीकडून.

रायसेन रोडला एकदा वाजली, विदिशाला जाताना चार वेळा. ह्यांनी डायरीत तारीख, वेळ, वेग, सगळं लिहून ठेवलं आणि निदान केलं. "माणूस चुकत असता तर दोन्हीकडे चुकला असता. एकाच बाजूचा अलार्म येतो म्हणजे दोष उपकरणात." गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या मेकॅनिकने दोन दिवस ठेवून घेतली, काच धुतली, कॅमेरा तपासला आणि म्हणाला, "सर, कॅमरा एकदम ठीक है. बायपास पे तीस किलोमीटर चलाई, एक बार नहीं बजी."

"रुक-रुक के आने वाली खराबी है," हे त्याला म्हणाले. "तीस किलोमीटर में नहीं पकड़ी जाती."

मी शेजारीच उभी होते. दुसऱ्याच्या हातात जी वाजत नाही ती ह्यांच्या हातात वाजते, एवढी साधी गोष्ट होती. मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. पण मी बोलले नाही.

का बोलले नाही, ते सांगायचं तर पिपलानीच्या, कारखान्याच्या वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरपर्यंत मागे जावं लागेल. एकोणीसशे एकोणसत्तर साली लग्न होऊन नागपूरहून आले, तेव्हा सगळी वसाहत कारखान्याच्या भोंग्यावर चालायची. सकाळचा भोंगा झाला की सायकलींचा लोंढा फाटकाकडे जाई, आणि आम्ही बायका कुकरच्या शिट्ट्यासुद्धा भोंग्याच्या हिशेबाने मोजायचो. घराघरांत मराठी, बंगाली, मल्याळी इंजिनियर. कुणाचा नवरा कोणत्या मशीनवर आहे हे आम्हाला त्याच्या गोत्राआधी माहीत असे. ह्यांची वसाहतीत ख्याती होती, की ह्यांनी 'मशीन खरं' म्हटलं तर मशीन खरं आणि 'मीटर खोटा' म्हटलं तर मीटर खोटा. ह्यांचं चुकतंय असं आमच्या घरात कुणी म्हणत नसे. बहुतेक वेळा चुकतही नसे.

फेब्रुवारीत आम्ही इंदूरला निघालो. तिथे आमची लेक प्रतिभा राहते. तिच्या लेकीच्या लेकीचं, म्हणजे आमच्या पणतीचं बारसं होतं. जावई विलासराव न्यायला येतो म्हणाले होते, पण ह्यांनी उडवून लावलं. "मी काय पार्सल आहे का?"

सकाळी नऊला निघालो. सीहोरपर्यंत ती सहा वेळा वाजली. मी डावीकडच्या सीटवर, म्हणजे माझ्या काचेखालीच ती पांढरी रेघ पळत होती. आवाज झाला की मी खाली बघायची, आणि प्रत्येक वेळी रेघ खरोखरच चाकाखाली आलेली असायची. हे वैतागून "हो गं बाई, ऐकलं," म्हणत, पण हात मात्र आपोआप स्टिअरिंग उजवीकडे घेई. तोंडाने तिला खोटी ठरवत होते आणि हातांनी तिचं ऐकत होते. त्यामुळेच आम्ही सीहोरपर्यंत सुखरूप आलो, हे मला नंतर कळलं.

ह्यांच्या डाव्या गालावर दाढीचे पांढरे खुंट तसेच राहिले होते. उजवा गाल मी निघताना पाहिला होता, तो गुळगुळीत होता. म्हातारपण, असं मनाशी म्हणून मी तोंड फिरवलं.

सीहोर मागे पडल्यावर ती सातव्यांदा वाजली. ह्यांनी डॅशबोर्डवर उजव्या हाताला असलेलं बटण दाबून धरलं. पडद्यावरच्या दोन्ही रेघा विझल्या.

"काय केलंत?"

"बंद केली. खोटा अलार्म चालू ठेवणं धोक्याचं असतं. माणूस खऱ्याकडेसुद्धा दुर्लक्ष करायला लागतो." आणि मग ती जुनी गोष्ट, जी मी शंभरदा ऐकली होती. सत्याहत्तर साली चाचणीत टर्बाइनच्या एका बेअरिंगचा मीटर धोका दाखवत होता. दिल्लीचे साहेब आलेले, सगळे म्हणत होते मशीन उघडा. ह्यांनी ऐकलं नाही. दोन बेअरिंगचे मीटर काढून अदलाबदल केले. "दोष मीटरबरोबर पलीकडे गेला. म्हणजे मीटर खोटा. मशीनबरोबर जागेवर राहिला असता, तर मशीन उघडावं लागलं असतं. साधी गोष्ट असते, पण घाबरलेल्या माणसाला सुचत नाही."

गाडीत आता आवाज नव्हता आणि मला तो नसणं सहन होईना. मी काचेला नाक लावून रेघेकडे बघत बसले. गव्हाची शेतं पळत होती, ट्रॉल्या मागे पडत होत्या. रेघ जवळ यायला लागली.

"अहो, जरा उजवीकडे घ्या."

"आता तू वाजायला लागलीस का?"

पुन्हा दोन मिनिटांनी मी म्हटलं. पुन्हा ते हसले. तिसऱ्यांदा मला बोलायला उशीर झाला. रेघेच्या पलीकडून दुधाच्या कॅन लावलेली मोटरसायकल चालली होती. मी ती केव्हाची बघत होते, आणि जे मला दिसतं ते ह्यांनाही दिसतच असणार, असं धरून होते. माझ्या काचेबाहेर एकाएकी माणसाचा खांदा आला, मफलर आला, पत्र्याची कॅन आली. मी ह्यांच्या दंडाला हिसका दिला. गाडी उजवीकडे फेकली गेली, मागच्या ट्रकने कर्णा धरून ठेवला. आमच्या डाव्या आरशाला कॅन लागून तो आत मिटला होता. मागे वळून पाहिलं, तो माणूस पाय टेकून उभा होता आणि हात उगारून काहीतरी बोलत होता. पडला नव्हता.

"कुठून आला हा?" हे म्हणाले.

तो कुठूनही आला नव्हता. तो अर्धा किलोमीटर तिथेच होता.

पुढच्या ढाब्याशी मी म्हटलं, आधी खाऊन घेऊ. खाली उतरून मी आरसा सरळ केला आणि सवयीप्रमाणे पिशवीतून स्टीलची ताटं काढली. प्रवासातसुद्धा कागदावर वाढलेलं आमच्या सासूबाईंना चालत नसे, ते माझ्या हातात राहिलंय. त्यांनी शिकवल्याप्रमाणे डाव्या बाजूला लिंबू, दाण्याची चटणी, गाजराची कोशिंबीर, उजव्या बाजूला बटाट्याची भाजी, खाली पोळ्या.

ह्यांनी दोन पोळ्या भाजीशी खाल्ल्या. मग ताटाकडे नीट बघून म्हणाले, "चटणी विसरलीस वाटतं."

चटणी ताटात होती. लिंबू होतं, कोशिंबीर होती. ताटाची डावी बाजू मी वाढली तशीच्या तशी होती आणि उजवी पुसून घेतल्यासारखी. मी आणखी भाजी वाढली, पुन्हा उजवीकडेच. मग ताटाची कड धरून ते अर्धं फिरवलं.

"ही काय, आहे की," हे म्हणाले आणि चटणीला पोळी लावली. चटणी संपवली, कोशिंबीर संपवली. मग म्हणाले, "भाजी संपली का गं?"

आत्ताच वाढलेली भाजी ताटात, आता डावीकडे, होती.

समोरचा माणूस निवांत पाणी पीत होता आणि त्याचं अर्धं जग नव्हतंच, आणि ते नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, सांगू नये. सांगितलं की ते खरं होईल.

"अहो," मी म्हटलं, "तुम्ही मीटर अदलाबदल केले होते ना?"

"हो."

"मी आत्ता ताट अदलाबदल केलं. आधी तुम्हाला चटणी दिसत नव्हती. आता भाजी दिसत नाहीये. भाजी आहे ताटात."

रागावतील म्हणून मी वाट पाहत होते. त्यांनी ग्लास ठेवला, ताटाच्या कडेला एक बोट लावलं आणि ते हळूहळू फिरवलं. भाजी आली. आणखी फिरवलं. भाजी गेली. पुन्हा आणली. पुन्हा घालवली. हे त्यांनी चार-पाच वेळा केलं. मग बोट काढून घेतलं.

"दोष जागेवरच राहतो," ते म्हणाले. आवाज कारखान्यात बोलायचा तसा होता. "म्हणजे मशीनमध्ये."

गल्ल्यावरचा ढाबेवाला आमच्याकडे बघत होता. "माताजी, साहब की तबीयत ठीक है? शुगर-वुगर है क्या?"

"ठीक है, भैया," मी म्हटलं.

"किती दिवस?" ह्यांनी विचारलं.

"संक्रांतीपासून असेल. ती वाजायला लागली तेव्हापासून."

"तुला कळलं होतं?"

"कळलं नव्हतं. भीती वाटत होती."

मी प्रतिभाला फोन लावायला घेतला, तर माझा हात धरून म्हणाले, "थांब. बारसं आहे त्यांच्याकडे. शंभर-सव्वाशे किलोमीटर राहिलंय. ती पुन्हा चालू करतो, ती डावीकडचं सांगेल. तूही सांग. साठाच्या वर थोडंच जातो. पोचल्यावर डॉक्टरला दाखवू."

आणि मी क्षणभर खरंच विचार केला. लेकीच्या दारात मंडप होता, पाहुणे होते. आणि ह्यांनी आयुष्यात माझ्याकडे कधी असं मागून काही घेतलं नव्हतं.

"साठाच्या आत ती बोलत नाही," मी म्हटलं. "आणि ती रेघ बघते. रेघेपलीकडचा माणूस तिला कुठे कळतो? तो मला दिसत होता, तरी मला उशीर झाला. द्या किल्ली."

ह्यांनी ती टेबलावर ठेवली. मी ती पर्समध्ये टाकून चेन ओढली. चोपन्न वर्षांत मी ह्यांच्या हातून काही काढून घेतलं ते हे पहिलं.

विलासराव मित्राच्या गाडीतून निघाले, तरी पोचायला दोन तास लागणार होते. तोवर आम्ही ढाब्याच्या बाकावर बसून राहिलो. आता दुसरंच भय सुरू झालं. मेंदूत काही झालं असेल तर ते पुन्हा होईल का, याच बाकावर होईल का, या दोन तासांत होईल का. मी ह्यांचा श्वास मोजत होते. हे मान डावीकडे वळवत होते, थोडी, मग आणखी थोडी, आणि दर वेळी काहीतरी नवं दिसल्यासारखे दचकत होते. हातपंप. बांधलेलं वासरू. एक अख्खं चिंचेचं झाड.

"तू आहेस ना?" मध्येच म्हणाले.

मी त्यांच्या डावीकडे, हातभर अंतरावर बसले होते. उठून उजवीकडे जाऊन बसले.

इंदूरच्या इस्पितळात तपासण्या झाल्या. पक्षाघाताचा लहानसा झटका, उजव्या मेंदूत, काही आठवड्यांपूर्वीचा. हातपाय शाबूत, फक्त डाव्या बाजूचं भान गेलेलं, म्हणून कुणाला कळलं नाही. डॉक्टरीण प्रतिभाहूनही लहान होती. तिने एका कोऱ्या कागदावर आडवी रेघ ओढली, कागद ह्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "अंकल, इस लाइन के ठीक बीच में निशान लगाइए."

ह्यांनी तिचं पेन घेतलं नाही. खिशातलं स्वतःचं काढलं, टोपण मागे लावलं. चष्मा सारखा केला. कारखान्यात आराखड्यावर वाकायचे तसे वाकून बसले, बराच वेळ रेघ पाहिली, आणि बारीक, सरळ, स्वच्छ खूण केली. मी त्यांच्या खांद्यामागे उभी होते. मला ती दिसली.

हे कागदाकडे बघत राहिले. त्यांना ती खूण बरोबरच दिसत होती. मग त्यांनी तोंड उजवीकडे वळवून मला विचारलं, "किती चुकलं?"

"तीन बोटं, उजवीकडे," मी म्हटलं. "जास्तच असेल."

त्यांनी मान हलवली. कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "तू बरोबर मध्यावर कर. मला बघू दे मध्य कसा दिसतो ते."

मी पेन घेतलं. दोन्ही टोकांपासून बोटांनी मोजून, त्यांच्या खुणेच्या डावीकडे, रेघेच्या मध्यावर खूण केली आणि कागद त्यांच्या उजव्या बाजूला सरकवला.