बोणीची पोपटी साडी

मला कामावरून काढलं तेव्हा माझा चेहरा कुणी पाहिला नाही. ज्या कंपनीत मी बारा वर्षं काढली, तिने एका मंगळवारी सकाळी दहा वाजता आम्हा सतरा जणांना एका कॉलवर बोलावलं. एचआरमधल्या श्वेता नावाच्या बाईंनी पहिलीच सूचना दिली की सगळ्यांनी कॅमेरे बंद ठेवा, म्हणजे आवाज नीट येईल. आवाज अगदी नीट आला. प्रत्येक वाक्याआधी ‘ओके, सो’ म्हणत त्यांनी सांगितलं की यात तुमच्या कामाचा काही दोष नाही, फक्त तुमची पदं आता उरलेली नाहीत. नऊ मिनिटांत सगळं आटोपलं. वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली बर्म्युडा अशा अवतारात मी पुढचा अर्धा तास तसाच बसून होतो, आणि रागाने माझे कान तापले होते.

मग फुकटचे सल्ले सुरू झाले. शेजारच्या प्रवीणकुमारने शहराबाहेर आनेकलला शेड घेऊन अळंबी लावायला सांगितलं. माझा मेहुणा शार्दूल माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आहे आणि त्याची पुण्यात स्वतःची कंपनी आहे. तो फोनवर म्हणाला, “जिजू, या माझ्याकडे. काहीतरी बघू तुमच्यासाठी.” त्या ‘काहीतरी’ने मला अळंबीचा गांभीर्याने विचार करायला लावला.

सुचेताने, म्हणजे माझ्या बायकोने, मला महिन्याची मुदत दिली. ती बँकेत आहे आणि मुदत या शब्दाला तिच्या लेखी अर्थ असतो. “महिन्यात तुझं तुला काही सापडलं तर उत्तम,” ती म्हणाली. “नाहीतर शार्दूलकडे. कुरकुर न करता.” मला त्या पोराच्या केबिनबाहेर बसून त्याला ‘सर’ म्हणायचं नव्हतं. माझी सगळी धडपड तेवढ्यासाठी होती, उगाच मोठ्या गोष्टी कशाला सांगू.

चिकपेटच्या कापडबाजारातले गुंडूराव अण्णा मला त्याच आठवड्यात भेटले. त्यांचं घराणं इथे चार पिढ्या साड्या विकतंय आणि घरात अजून मराठी बोलतंय. सुचेता वरमहालक्ष्मीच्या सणासाठी त्यांच्या दुकानात साडी घेत होती आणि मी पिशव्या धरून बसलो होतो. ऐंशी साड्या पाहून झाल्यावर मी जांभई देत म्हणालो की ही शेवटी दुसऱ्या नंबरचीच घेणार. तिने दुसऱ्या नंबरचीच घेतली. अण्णा गादीवरून हसले.

“तुला गिऱ्हाईक कळतं की रे. घरी बसून काय करतोस? इथं ये. महिनाभर शीक. सणाच्या आधीच्या शुक्रवारी बोणी तू करायची. ती झाली तर दुकानात राहा. नाही झाली तर घरी. सरी?”

बोणी म्हणजे दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक. आपण पुण्यात त्याला भवानी म्हणतो. अण्णांच्या दुकानात पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं तर दिवसभर कुणी मोठ्याने बोलत नाही. सरी म्हणजे कानडीत ठीक आहे. मीही सरी म्हणालो. सुचेताने तिच्या आईला कळवलं की जावई टेक्सटाइल डोमेनमध्ये गेले.

दुकानातलं काम म्हणजे काय, तर साडी स्वतःच्या अंगावर नेसून दाखवायची. पँटच्या पट्ट्यात एक टोक खोचायचं, निऱ्या घालायच्या, पदर खांद्यावर टाकायचा आणि गिऱ्हाइकासमोर सावकाश वळायचं. पहिल्या दिवशी मी घामाघूम झालो. चौथ्या दिवशी आरशात पाहिलं तर बरा दिसत होतो. माझ्या पोटाचा कंपनीला बारा वर्षांत काही उपयोग झाला नव्हता, पण निऱ्या त्यावर फार छान बसत. मला शिकवणारे जुने सेल्समन मधुकर अण्णा म्हणाले, “मोरपंखी तुला शोभतो.” खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

दुसरं काम घड्या बदलण्याचं. रेशमी साडी एकाच घडीत पडून राहिली की जरीचं कापड त्या रेघेवर चिरतं, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी ती उलगडून वेगळ्या घडीत ठेवायची. हे काम अण्णांनी माझ्यावर सोपवलं आणि मी लगेच लॅपटॉप काढला. कुठली साडी किती खपते त्याची यादी केली आणि जास्त खपणाऱ्या साड्यांच्या घड्या आधी बदलायच्या असं ठरवलं. जी साडी आठवड्यात विकली जाणार तिची घडी मी दोनदा बदलली, आणि वर्षानुवर्षं पडून असलेली सगळ्यात खालची फळी माझ्या यादीच्या शेवटी गेली. तिच्यापर्यंत मी महिनाभरात पोचलोच नाही. तेव्हा मला ही हुशारी वाटली होती.

त्याच फळीवर आत्याबाई होती. पोपटी अंग, वांगी काठ आणि पदरावर भलेमोठे आंबे असलेली ती साडी सहा वर्षांत कुणी घेतली नव्हती. काही केल्या घरातून हलत नाही म्हणून मधुकर अण्णांनी तिचं नाव आत्याबाई ठेवलं होतं.

शुक्रवार आला. अण्णांनी देवाला फूल वाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. दहाच्या सुमारास दोघी मायलेकी आत आल्या. पुढची साठीची, ठसठशीत कुंकू लावलेली, मागची पस्तिशीची, मोबाइलमध्ये मान घातलेली. मी गादीवर बसायची जागा दाखवली, पाणी दिलं.

“हिच्यासाठी दाखवा,” आई म्हणाल्या. बोलण्यावरून त्या नागपूरकडच्या वाटल्या. “सणाला इथल्या बायकांत उठून दिसली पाहिजे.”

मुलीने मान वर केली. “ओके, सो, फार भडक नको.”

तो आवाज मी विसरणं शक्यच नव्हतं. मी तिला आणखी बोलतं केलं. बजेट विचारलं, रंग विचारला आणि प्रत्येक उत्तर ‘ओके, सो’ने सुरू झालं. आईंनी तिला “श्वेता, मोबाइल ठेव” म्हटलं तेव्हा उरलीसुरली शंका गेली.

तिने मला ओळखायचा प्रश्नच नव्हता.

मला आता एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या क्षणी मला सुचेता आठवली नाही, शार्दूल आठवला नाही, अण्णांची बोणीही आठवली नाही. मी सरळ सगळ्यात खालच्या फळीकडे गेलो आणि आत्याबाईला बाहेर काढलं. ही साडी नेसून ही बाई तिच्या सोसायटीत मिरवेल आणि मी इथे बसून ते डोळ्यांसमोर आणीन, एवढाच माझा विचार होता. मधुकर अण्णांनी भुवया वर केल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मी टोक खोचलं, निऱ्या घातल्या आणि वळलो.

“यात साडीचा काही दोष नाही,” मी अत्यंत नम्रपणे म्हणालो. “आजवर तिच्यासाठी योग्य पद उपलब्ध नव्हतं, एवढंच.”

श्वेताने एकदा माझ्याकडे निरखून पाहिलं, पण आईंनी पदर तिच्या खांद्यावर टाकलाही होता. आणि इथेच माझा घात झाला. ती पोपटी साडी तिला शोभली. सावळ्या रंगावर तो काठ असा उठला की गादीवरचे अण्णाही पुढे झुकले. श्वेता आरशात पाहत राहिली आणि पहिल्यांदाच ‘ओके, सो’ न म्हणता बोलली.

“आई, मला हीच हवी.”

आत्याबाई निघाली होती. बोणी झाली होती. मी सुटलो होतो. आणि पदर काढून घेताना माझ्या बोटाला रेघ लागली. मी ती साडी उजेडात धरली. आंब्यांच्या मधोमध, घडीवर, जरीला वीतभर चीर गेली होती. एकदा नेसली की पदर हातात आला असता.

मी ती चीर मुठीत झाकली. साधारण पाच सेकंद, खरंच झाकली. बिल होईपर्यंत कुणाला कळलं नसतं, आणि सणाच्या दिवशी भर हळदीकुंकवात कळलं असतं. याहून गोड सूड मला कुणी आणून दिला नसता. पण त्या चिरलेल्या जागेवरून बोट फिरवताना मला स्वतःचीच लाज वाटली. तिची घडी मी बदलली नव्हती. खपत नाही म्हणून यादीत शेवटी ढकलली होती, आणि तिला साधं उलगडून पाहिलंही नव्हतं.

“ही घेऊ नका,” मी म्हणालो. “घडीवर चिरली आहे. चूक माझी आहे.”

अण्णांनी चष्मा काढला. श्वेता पर्स उचलून उठली आणि मध्येच थांबली.

“मी तुम्हाला कुठे पाहिलंय का?”

“नाही,” मी म्हणालो. “कॅमेरे बंद ठेवायला सांगितले होते तुम्ही.”

तिला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तशी ती खाली बसली. आईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग कमरेला अजून पोपटी निऱ्या खोचलेल्या माझ्याकडे.

“हे तुझ्या ऑफिसातले?”

“होते.”

“तू काढलं यांना?”

“मी नाही, आई. कंपनीने. मला फक्त सांगायचं होतं.”

“मग सांगताना तोंड लपवायला कोण म्हणालं होतं?” आईंनी पदर खोचला आणि मांडी घातली. “भाऊ, दुसरी दाखवा. आज ही रिकाम्या हाताने उठत नाही.”

मी दुसरी दाखवली. या वेळी खोडी नाही, जीव लावून. तिच्या रंगाला काय उठतं ते आता मला कळलं होतं. पाचव्या साडीला, चिंतामणी रंगाच्या, तिने मान हलवली. अण्णांनी बिल स्वतः केलं आणि नोटा डोळ्यांना लावल्या.

आत्याबाई तशीच पसरलेली होती. सहावारी साडीची घडी एकट्याने नीट पडत नाही आणि मधुकर अण्णा मुद्दाम दुसरीकडे पाहत होते. मी एक टोक उचललं. दुसरं श्वेताने उचललं. आम्ही दुकानाच्या दोन कडांना उभे राहून ती ताणली, मग काठाला काठ लावत एकेक पाऊल पुढे आलो. शेवटच्या घडीला ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती आणि खाली बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“सॉरी,” ती म्हणाली. मला तेवढं पुरलं, हे मला स्वतःलाही खरं वाटलं नाही.

त्या गेल्यावर मी अण्णांसमोर उभा राहिलो. पुण्याची तिकिटं, शार्दूलची केबिन, सगळं डोळ्यांपुढे होतं. अण्णांनी आत्याबाईवरून हात फिरवला.

“कंप्युटरवाल्या,” ते म्हणाले, “जी विकली जात नाही तिचीच घडी आधी बदलायची असते. स्वल्प तरी डोकं वापर. सोमवारी आलास की सगळ्यात खालच्या फळीपासून सुरू कर.”

“सोमवारी?”

“रविवारी दुकान बंद असतं,” अण्णा म्हणाले. “आणि शनिवारी बायकोला घेऊन ये. चीर तुझ्यामुळे पडली, ही आत्याबाई तुझ्या घरी राहील आता.”