तीन घरांचा राउटर

राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत तीन घरांत मिळून एक वायफाय आहे. राउटर माझ्याकडे, म्हणून भांडणंही माझ्याकडेच. शेजारची गायत्री संध्याकाळी सहाला परगावच्या मुलांना ऑनलाइन गाणं शिकवते, आणि नेमका तेव्हाच वरचा प्रवीणकुमार सिनेमा लावतो. मी तीस वर्षं कावेरीच्या कालव्यांवर पाणी वाटलेला माणूस. राउटरच्या सेटिंगमध्ये गेलो आणि तिन्ही घरांना सारखा वाटा बांधून दिला.

तरी गायत्रीची तक्रार आलीच. सारखं म्हणजे सारखं, हे तिला सुनावायला मी तिच्या घरी गेलो. क्लास चालू होता. पडद्यावरची मुलगी गात होती, तिचा आवाज तुटत होता, आणि ताल धरलेला गायत्रीचा हात मांडीवर न पडता तसाच वर थांबला होता.

"मामा, सिनेमा दोन मिनिटं थांबला तरी पुढं चालतो," ती म्हणाली. "ताल थांबला की गेला."

मी घरी आलो. कालव्यावर असताना भाताच्या रोपांना आणि नारळांना मी सारखं पाणी कधीच दिलं नव्हतं. रोपं आधी, नारळ थांबू शकतात. सहा ते सात गायत्रीचं घर पहिलं, असं सेटिंग करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सहाला, रोजच्यासारखा, चेन्नईहून माझ्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिचा चेहरा अर्ध्या हसण्यातच अडकून बसला. भिंतीपलीकडून गाणं स्वच्छ ऐकू येत होतं.

मी तिला मेसेज केला, "सातनंतर कर. आपण नारळ."