वरची एक काडी

मुरूम गावात जाफरभाईंनी काडेपेट्यांचा कारखाना काढला, तेव्हा मी, महांतप्पा, तिथं फोरमन होतो. माझा स्वभाव चांगला नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. बारा बायका कामाला होत्या. त्या दिवसभर बोलायच्या आणि मी दिवसभर चिडायचो.

काडेपेटी दिसते तेवढी सोपी नसते हो. सावरीचा ओंडका यंत्रावर सोलून त्याचा पातळ पापुद्रा काढायचा, त्याच्या काड्या कापायच्या, उन्हात वाळवायच्या. मग बायका एकेक काडी लाकडी चौकटीच्या खाचेत बसवणार. ती चौकट आधी मेणात बुडवायची, मग मी शिजवलेल्या गुलात, म्हणजे काडीच्या टोकाच्या पेटत्या मसाल्यात. एखादी काडी आत दबली की ती बोडकीच राहते. गुल वाळला की काड्या पेटीत, एका पेटीत पन्नास. सरकारचा कर त्या आकड्यावर, म्हणून तिथं चूक चालत नाही.

पेट्या भरण्यात खातूनबीचा हात कुणी धरू शकत नसे; काड्या न मोजता ती नुसत्या मुठीनं भरायची आणि बाकीच्याही तिचंच बघून तसंच करायच्या. नवरा वारल्यावर दोन लेकींना घेऊन ती या कामावर उभी राहिली होती. बाकीच्या बायका ती म्हणेल तसं करत. मला ते आवडत नसे, पण माल भराभर निघायचा म्हणून मी गप्प बसायचो.

एकोणसाठ साली पहिला मोठा माल तयार झाला. पाच हजार सातशे साठ पेट्या. तपासायला एक्साइजचे साहेब आले. त्यांनी एक पेटी उघडून टेबलावर ओतली आणि मोजली. एक्कावन्न. दुसरी उघडली. एक्कावन्न. दहा पेट्या झाल्या, दहाही तशाच.

"कमी भरणारे लई पाहिले," साहेब म्हणाले. "जास्त भरणारे तुम्हीच पहिले. पण कायद्याला दोन्ही सारखंच. संध्याकाळपर्यंत सगळा माल बरोबर करा, नाहीतर शिक्का मिळणार नाही."

जाफरभाईंचा चेहरा उतरला. शिक्का नाही तर कारखाना नाही. मी बायकांच्या खोलीत जाऊन विचारलं, हे कुणाचं डोकं?

खातूनबी उठली. "म्याच सांगितलं समद्यांना, अप्पा. पन्नासवर सोडलं की शून्यावर सोडल्यावानी वाटतं. आहेराला वर एक ठेवतो का न्हाय? आमच्यातबी ठेवतात, तुमच्यातबी ठेवतात. हितली काडी लोकांच्या चुलीत जाणार, म्हणून घातली वर एक."

माझा तोल गेला. "उद्यापासून येऊ नका," मी तिला म्हणालो.

ती खाली बसली आणि पहिली पेटी उघडून एक काडी बाहेर काढली. मग सगळ्या बसल्या. जाफरभाई बसले, मीही बसलो. थोड्याच वेळात बायकांतल्या शिवम्मानं कुणाच्या तरी सासूची गोष्ट काढली आणि खोलीत हशा पिकला. त्या दिवशी मला त्यांना गप्प करावंसं वाटलं नाही. चारच्या सुमाराला शेवटची पेटी बंद झाली. वरच्या काड्यांच्याच एकशे पंधरा पेट्या भरल्या.

साहेबांनी मधल्या मधल्या पेट्या काढून मोजल्या. पन्नास, पन्नास, पन्नास. तरी त्यांना खरं वाटेना. "बायका तर मुठीनं भरतात, मग न मोजता नेमकी एकच जास्त कशी पडत होती?" त्यांनी विचारलं.

खातूनबीनं तोंड भिंतीकडं फिरवलं, काड्यांच्या ढिगात हात घातला आणि मूठ टेबलावर रिकामी केली. साहेबांनी मोजल्या. पन्नास. आणखी दोनदा तसंच केलं, दोन्ही वेळा पन्नास. साहेब खुर्चीत मागं रेलून हसायला लागले.

"हे कुणाकडून शिकलात, बाई?"

मी जमिनीकडं बघत होतो.

"महांतप्पांकडून," ती म्हणाली. "पहिला महिनाभर रोज शेजारी बसून मोजून घेतलं त्यांनी. रागावतात लई, पर शिकवतात."

ते खरं होतं. पण आज ते सांगायची तिला काही गरज नव्हती. साहेबांनी कागदावर शिक्का मारला आणि माझा हात हातात घेतला, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर जाफरभाईंनी जिलेबी मागवली होती आणि बायकांचा नुसता कल्ला चालला होता.

खातूनबी निघायच्या तयारीत होती. मी तिच्याकडं गेलो. "सकाळचं माझं बोलणं..." एवढंच तोंडातून निघालं.

"ते ऐकूच आलं न्हाय, अप्पा," ती म्हणाली. "यंत्राचा आवाज लई व्हता."

साहेब येणार म्हणून यंत्र पहाटेपासून बंद होतं. मी खोलीची किल्ली तिच्या हातात दिली आणि म्हणालो, "उद्या माझ्याआधी येऊन तुम्हीच उघडा."